०.१ टक्का व्याजाच्या पलीकडची जायका

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेची परकीय मदत वाटणारी संस्था यूएसएड २०२५ मध्ये बघता बघता गुंडाळली गेली. मग मुंबईची मेट्रो-३, अटल सेतू, बुलेट ट्रेन, पुण्याचा मुळा-मुठा प्रकल्प ज्या जायका या जपानी सरकारी संस्थेच्या पैशांवर उभे राहिले किंवा राहताहेत, तिनेही उद्या हात आखडता घेतला तर काय? आणि ०.१ टक्का व्याजाने कुणी हजारो कोटी देतं ते काय उगाच?

परकीय कर्जावर चालणाऱ्या प्रकल्पांच्या निविदा आणि कंत्राट विभागात माझी उमेदीची वर्षं खर्ची पडली. जपानी कर्ज, जागतिक बँक, आशियाई विकास बँक, तिन्हींचे कागद हातांखालून गेले. त्या अनुभवावर आधी थेट उत्तर देतो: चालू कामं अडकण्याची शक्यता फार कमी, आणि पैसे उगाच तर मुळीच दिलेले नाहीत. पण व्याजाच्या ज्या आकड्यावर सगळी चर्चा अडते, तो या व्यवहारातला सगळ्यात कमी महत्त्वाचा आकडा आहे.

आधी एक गैरसमज. पुण्याच्या बातम्यांत हमखास 'जपानची जायका कंपनी' असं छापून येतं. जायका ही कंपनी नाही, ती जपान सरकारची संस्था आहे. १९७४ साली स्थापन झाली तेव्हा तिचं काम मुख्यतः तज्ज्ञ पाठवणं, प्रशिक्षण देणं, अभ्यास करून देणं एवढंच होतं. मोठी सवलतीची कर्जं दुसऱ्या संस्थेकडे होती. २००८च्या ऑक्टोबरात तो कर्जविभाग जायकात आणला गेला, आणि कर्ज, अनुदान, तांत्रिक सहकार्य ही तिन्ही कामं एका छपराखाली आली. तरीही कुणाला किती द्यायचं हे जायका एकटी ठरवत नाही. ते टोकियोतलं सरकार ठरवतं, परराष्ट्र आणि अर्थ खातं त्यात बसलेलं असतं. आधी दोन सरकारांमध्ये पत्रांची देवाणघेवाण होते आणि त्यानंतर जायका कर्जकरारावर सही करते.

यूएसएडशी तुलना इथेच फसते. यूएसएडचा बराचसा पैसा अनुदान होता, दरवर्षी अमेरिकी काँग्रेसकडून मंजूर होणारा, आणि तो खासगी कंत्राटदार, स्वयंसेवी संस्था, आंतरराष्ट्रीय संघटना यांच्यामार्फत खर्च व्हायचा. २० जानेवारी २०२५ला नव्या अध्यक्षांनी परकीय मदतीला स्थगिती दिली, मार्चपर्यंत ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचं त्यांच्याच परराष्ट्रमंत्र्यांनी जाहीर केलं आणि १ जुलैला संस्थेचं काम परराष्ट्र खात्याकडे गेलं. औषधं आणि धान्य पोचवणाऱ्या साखळ्या मध्येच तुटल्या. जायकाचा भारतातला पैसा मात्र जवळजवळ सगळा कर्ज आहे, सरकार ते सरकार, दोन्ही बाजूंच्या सहीने बांधलेलं. परत येणारा पैसा मध्येच थांबवून अर्धवट पूल मागे ठेवण्यात सावकाराचाच तोटा असतो.

याची कसोटी एकदा लागून गेलेली आहे. मे १९९८मध्ये पोखरणच्या चाचण्या झाल्यावर जपानने भारताला नवी कर्जं आणि नवी अनुदानं देणं थांबवलं. दिल्ली मेट्रोचा पहिला कर्जकरार १९९७च्या फेब्रुवारीत झालेला होता. चालू प्रकल्पांचा पैसा थांबला नाही. मेट्रोचं खोदकाम त्याच १९९८च्या ऑक्टोबरात सुरू झालं आणि डिसेंबर २००२मध्ये शाहदरा ते तीस हजारी गाडी धावली. राजकीय राग नव्या करारांवर निघतो, जुन्यांवर सहसा नाही. ज्यांचे प्रकल्प अजून 'प्रस्तावित' आहेत त्यांनी काळजी करावी.

जपान अनुदानाऐवजी कर्जच का देतो, याला इतिहास आहे. युद्धानंतर जपान स्वतः ऋणको होता. टोकियो ते ओसाका या पहिल्या शिंकान्सेनसाठी, म्हणजे बुलेट ट्रेनसाठी, त्यांनी १९६१मध्ये जागतिक बँकेकडून ८ कोटी डॉलर घेतले, गाडी १९६४ला धावली, आणि जागतिक बँकेच्या सगळ्या कर्जांचा शेवटचा हप्ता १९९०मध्ये फेडला. जपानने परदेशाला दिलेलं पहिलं येन कर्ज १९५८चं, आणि ते भारतालाच. हा पैसा पुढे बराच काळ सामान्य जपानी माणसाच्या टपाल बचतीतून सरकारी गुंतवणूक निधीमार्गे येत असे. ठेवीदाराचा पैसा खैरात म्हणून वाटता येत नाही, तो परत यायलाच हवा. त्यात 'घेणाऱ्याने फेडायचं ठरवून घेतलं की तो प्रकल्प जपून निवडतो' ही त्यांची जुनी श्रद्धा. ही श्रद्धा किती खरी ठरते, ते पुढे पुण्याच्या उदाहरणात बघू.

आता ते ०.१ टक्का. बुलेट ट्रेनच्या कर्जाच्या अटी: ५० वर्षं मुदत, पहिली १५ वर्षं मुद्दल फेडायचं नाही, व्याज ०.१ टक्का, आणि मूळ १ लाख ८ हजार कोटींच्या खर्चापैकी ८१ टक्के रक्कम कर्जातून. विकसित देशांच्या मदतीची मोजदाद ठेवणारी समिती भारतासारख्या देशाच्या कर्जाची पुढच्या वर्षांतली परतफेड वर्षाला ७ टक्के दराने घटवून तिची आजची किंमत काढते. या हिशेबाने १०० येन कर्जाच्या परतफेडीची आजची किंमत साधारण १५ येन भरते, म्हणजे ८५ येन 'मदत' म्हणून जपानच्या नावावर जमा. पण हे कर्ज ठरलं त्या काळात जपान सरकारला स्वतःला बाजारातून दीर्घ मुदतीचे पैसे जवळजवळ शून्य टक्क्याने मिळत होते. त्यांचा प्रत्यक्ष त्याग ८५ येनचा नव्हता, त्याच्या आसपासही नव्हता. औदार्य मोजायची फूटपट्टीच सोयीची आहे, आणि हे मदत देणाऱ्या सगळ्या देशांना ठाऊक आहे.

आपल्या बाजूने हिशेब वेगळा पडतो, कारण कर्ज येनमध्ये आहे आणि तिकिटं रुपयांत विकली जातात. १९९७ला एक येन साधारण ३० पैशांना होता. २०१२मध्ये तो ६५ पैशांच्या वर गेला. म्हणजे तेव्हा १०० कोटी येन घेतले तर हातात ३० कोटी रुपये आले, आणि पंधरा वर्षांनी त्याच मुद्दलाचं ओझं ६५ कोटींच्या पुढे. वर्षाला साडेपाच टक्क्यांच्या घरात जाते ही वाढ, आणि व्याज वेगळं. ज्यांनी हा आकडा दाखवून 'स्वस्त कर्ज हा बनाव आहे' असं लिहिलं, त्यांनी मुद्दाम २०१२ला हिशेब थांबवला. २०२४पर्यंत येन पुन्हा ५५ पैशांच्या आसपास उतरला होता. सत्तावीस वर्षांची सरासरी काढली तर वाढ वर्षाला सव्वादोन टक्के. सरकारला रुपयातलं दीर्घ कर्ज सात टक्क्यांच्या आगेमागे पडतं. त्यामुळे अगदी वाईट काळ धरला तरी येन कर्ज महाग ठरलेलं नाही. मात्र बँक ऑफ जपानने मार्च २०२४मध्ये उणे व्याजदर संपवल्यापासून नव्या येन कर्जांचे दरही चढले आहेत. शून्याच्या आसपासचे ते दिवस कायमचे नव्हते.

मग जपानला काय मिळतं? खरी मेख अटीत असते. जायकाची काही कर्जं 'स्टेप' नावाच्या खास अटींवर दिली जातात. मुख्य कंत्राटदार जपानी किंवा जपानी कंपनीच्या पुढारपणाखालचा गट असला पाहिजे, आणि किमान ३० टक्के माल-सेवा जपानमधून आल्या पाहिजेत. रेल्वेची पश्चिम मालवाहतूक मार्गिका या अटींवर झाली, म्हणूनच तिथल्या रुळांच्या मोठ्या कामात जपानची सोजित्झ आणि एल अँड टी यांची जोडी दिसते. याउलट अटल सेतूच्या कामात समुद्रातलं एक मोठं पॅकेज देवू या कोरियन कंपनीला टाटा प्रोजेक्ट्ससोबत मिळालं, दुसरं एल अँड टी आणि जपानच्या आयएचआयला. येन जपानचा, आणि काम कोरियाला! कर्ज कोणत्या प्रकारचं आहे ते न बघता 'सगळा पैसा शेवटी जपानलाच जातो' म्हणणं चूक आहे, आणि 'कोणतीही अट नाही' म्हणणंही.

अट असते तिथे स्पर्धा आटते. दोन-तीनच कंपन्या बोली लावू शकत असतील तर दर चढे येतात. वीस-पंचवीस टक्के चढा दर पहिल्या दिवशीच मोजावा लागतो, व्याजातली बचत मात्र पन्नास वर्षांत पसरलेली असते. माझ्या मते बुलेट ट्रेनच्या बाबतीत खरा वाद व्याजाचा नव्हताच, गाड्या आणि सिग्नलच्या किमतीचा होता. गुजरातेतलं स्थापत्यकाम भारतीय कंपन्यांना खुलं होतं आणि २०२०मध्ये एकट्या एल अँड टीला २३७ किलोमीटरचं काम मिळालं. गाड्या जपानी येणार हे २०१७च्या भूमिपूजनापासून सगळे धरून चालले होते. ऑक्टोबर २०२४मध्ये ताशी २८० किलोमीटर वेगाच्या दोन देशी गाड्यांचं ८६७ कोटींचं कंत्राट बीईएमएल या भारतीय सरकारी कंपनीला गेलं. असा पर्याय हाताशी असला की समोरच्या पुरवठादाराशी दराबद्दल बोलताना आवाज आपोआप बदलतो.

आता मला ज्यात खरा रस आहे त्या भागाकडे येतो. जायकाची रोजच्या कामातली भूमिका पैसे देण्याची कमी आणि आडवं येण्याची जास्त असते, आणि हे मी कौतुकाने म्हणतोय.

'जायकाने ९९० कोटी दिले' असं वाचलं की वाटतं पालिकेच्या खात्यात रक्कम जमा झाली. तसं काही होत नाही. कंत्राटदार देयक सादर करतो, जनरल कन्सल्टंट, म्हणजे प्रकल्पावर नेमलेला सल्लागार, मोजमाप तपासून प्रमाणित करतो आणि बहुतेक वेळा आधी आपलं कार्यालय स्वतःच्या अंदाजपत्रकातून पैसे चुकतं करतं. मग त्या खर्चाचा दावा दिल्लीतल्या अर्थ मंत्रालयाच्या परकीय साहाय्य लेखा कार्यालयाकडे जातो, तिथून जायकाकडे, आणि मग येन सुटतात. काम झालं नाही तर दावा नाही. त्यामुळे 'कर्ज मंजूर, पण एक रुपया उचलला नाही' अशी वर्षंच्या वर्षं जाऊ शकतात.

त्याआधी निविदा. पाकिटं दोन: तांत्रिक आणि दराचं. तांत्रिक पाकिटं उघडून मूल्यमापन अहवाल जायकाकडे जातो आणि त्यांचं 'कन्करन्स', म्हणजे संमती, आल्याशिवाय दराचं पाकीट उघडायचं नाही. एका कामात आम्ही एका बोलीदाराला अपात्र ठरवलं होतं, कारण त्याने दिलेला अनुभवाचा दाखला समितीला 'पुरेसा वाटला नाही'. जायकाच्या दिल्ली कार्यालयातून उलट पत्र आलं, चार ओळींचं. निविदा पुस्तिकेतल्या कोणत्या कलमानुसार पुरेसा नाही? कलम नव्हतं. कुणाला तरी बाद करायची घाई होती, ती तिथेच जिरली आणि बोलीदार परत आत आला. दुसरी गोष्ट घासाघीशीची. आपल्याकडे सर्वात कमी दराच्या ठेकेदाराला केबिनमध्ये बोलावून आणखी दोन टक्के कमी करून घेणं हा जणू रिवाज. जायकाच्या नियमांत पूर्वसंमतीशिवाय ते चालत नाही. बरेच अधिकारी यावर चिडतात, 'आमच्या जनतेचे पैसे वाचवू देत नाहीत' म्हणतात. केबिनमध्ये कमी झालेले दोन टक्के पुढे जादा बाबींच्या बिलात कसे वसूल होतात, हे ज्याने पाहिलंय तो चिडत नाही.

पुनर्वसनाच्या बाबतीत हे आडवं येणं आणखी जाणवतं. पर्यावरण आणि विस्थापनाचा मोठा परिणाम असलेल्या प्रकल्पाला 'अ' वर्ग देतात. अशा प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल कर्जकरारापूर्वी १२० दिवस जाहीर ठेवावा लागतो. झोपडीची जागा सरकारी असली, माणसाकडे सातबारा नसला, तरी ठरावीक तारखेच्या सर्वेक्षणात त्याची नोंद असेल तर त्याला हलवण्याआधी पर्यायी जागा किंवा भरपाई द्यायची, हे तत्त्व. जायकाची भेट ठरली की आम्ही सादरीकरण सजवायचो, आणि पाहुणे मात्र पुनर्वसनाच्या इमारतीत जाऊन लिफ्ट चालू आहे का, पाणी कितव्या मजल्यापर्यंत चढतं, हे बायकांना विचारायचे. अटल सेतूच्या कामात मच्छीमारांसाठी भरपाईचं वेगळं धोरण करावं लागलं. कर्ज नसतं तर ते झालंच नसतं असं मी म्हणणार नाही, पण कागदावर एवढ्या तपशिलात उतरलं नसतं असं मला वाटतं.

मर्यादाही तितक्याच ठळक. पुण्याच्या मुळा-मुठा प्रकल्पाचा कर्जकरार जानेवारी २०१६चा, १९०६ कोटी ४० लाख येनचा, व्याज ०.३ टक्का, मुदत ४० वर्षं. केंद्राने ते कर्ज घेऊन पालिकेला ८५ टक्के रक्कम अनुदान म्हणून द्यायची, म्हणजे येन फेडण्याचं ओझं पालिकेवर नाहीच. ११ सांडपाणी प्रक्रिया केंद्रं, एकूण क्षमता रोज ३९६ दशलक्ष लिटर. त्यानंतर जागा ताब्यात यायला उशीर, निविदा अंदाजापेक्षा खूप चढ्या, त्या रद्द, पुन्हा सगळं पहिल्यापासून. पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली मार्च २०२२ला, तोपर्यंत खर्च ९९० कोटींवरून १,४७० कोटींच्या वर गेलेला होता. जपानी श्रद्धा अशी की फेडायचं असलं की माणूस जपून आणि वेगाने काम करतो. इथे फेडणारा एक, काम करणारा दुसरा, आणि उशिराची किंमत नदीला. अटल सेतूच्या वेळी याच्या उलट रचना होती: एप्रिल २०१७मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने राज्यांच्या सक्षम संस्थांना थेट कर्ज घ्यायला परवानगी दिली, आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (एमएमआरडीए) केंद्राच्या हमीवर ते स्वतःच्या नावावर घेतलं. पूल जानेवारी २०२४ला खुला झाला. दोन उदाहरणांवरून सिद्धांत मांडू नये हे कळतं, पण माझा कल उघड आहे: कर्ज ज्याच्या डोक्यावर, फाइल त्याच्या टेबलावरून लवकर हलते.

दुसरी मर्यादा प्रकल्प संपल्यावर दिसते. अजिंठा-वेरूळ संवर्धन आणि पर्यटन विकासाला जपानने १९९२पासून दोन टप्प्यांत कर्ज दिलं. त्यातून रस्ते, पाणी आणि पुढे लेण्यांच्या प्रतिकृती असलेली मोठी अभ्यागत केंद्रं उभी राहिली. ती पुढे वीज आणि पाण्याच्या थकबाकीपायी बंद पडली. बांधायला कर्ज मिळतं, पण वीजबिल कुठलीच परदेशी संस्था भरत नाही. जायका काम संपल्यावर काही काळाने प्रकल्पाचं मूल्यमापन करून ए ते डी अशी श्रेणी देते आणि टिकाऊपणा हा त्यातला एक निकष असतो. पण तोवर शेवटचा येन दिलेला असतो, त्यामुळे कमी श्रेणीची कुणाला धास्ती नसते.

तांत्रिक सहकार्याबद्दल थोडक्यात: तिथे रक्कम लहान असते आणि परिणाम मोजणं अवघड. दिल्ली मेट्रोच्या कामावर हेल्मेट, बूट, कठडे यांची जी शिस्त आली आणि पुढे देशभरातल्या मेट्रोंत पसरली, तिच्यात जपानी सल्लागारांचा मोठा वाटा होता. असा फायदा कर्जाच्या कोणत्याच कोष्टकात दिसत नाही.

शेवटी, विचारणाऱ्याने 'आपल्यासारख्यांना यात काही करता येतं का' असंही विचारलं आहे. येतं. तुमच्या भागात जायकाच्या पैशांचा प्रकल्प असेल तर तिच्या संकेतस्थळावर प्रकल्पपूर्व मूल्यांकन, पर्यावरण वर्ग आणि पूर्ण झालेल्या कामांचे मूल्यमापन अहवाल मोफत वाचता येतात. अनेकदा ते पालिकेच्या माहितीपेक्षा सविस्तर असतात. पर्यावरण आणि पुनर्वसनाचे त्यांचेच नियम मोडले जात असतील तर हरकत नोंदवण्याची वेगळी प्रक्रिया आहे, आणि ती हाताळणारे परीक्षक प्रकल्प चालवणाऱ्या विभागापासून स्वतंत्र असतात. प्रत्यक्ष झळ बसलेले किंवा बसू शकणारे किमान दोन रहिवासी अर्ज करू शकतात. आधी प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेशी आणि जायकाच्या संबंधित विभागाशी बोलणं केल्याचा पुरावा जोडा. कोणता नियम मोडला आणि त्यामुळे तुमचं काय नुकसान झालं, हे नेमकं लिहा. 'भ्रष्टाचार होत आहे, चौकशी करा' एवढंच लिहिलेली पत्रं आमच्या कार्यालयात ढिगाने येत, आणि त्यांवर पोच देण्यापलीकडे काही होत नसे.